तुमका काय व्हया?

भूकंपाची बातमी आली की आपण आधी कपाट उघडतो आणि प्रश्न नंतर विचारतो. किल्लारीच्या लोकांना हे चांगलंच ठाऊक आहे. कणकवलीच्या लोकांनीही ते आत्ताच समजून घेतलेलं बरं!

सीन तुमच्या ओळखीचाच आहे. कुठेतरी मोठा भूकंप होतो. चॅनेलवर ढिगारे दिसायला लागतात. ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि लंचपर्यंत कुणीतरी लिहितंच, ‘गाईज, आपण काहीतरी करायला हवं.’ दुसऱ्या दिवशी रिसेप्शनपाशी दोन खोके येतात. खोक्यांत काय पडतं? कॉलेजच्या फेस्टिव्हलचे टीशर्ट, चेन बिघडलेली जीन्स, मावशीने दिलेली आणि कधीच न नेसलेली साडी, बिस्किटांचे पुडे, एखादी हाय हील्सची जोडीसुद्धा. गावाकडे हेच सगळं थोड्या मोठ्या आवाजात होतं. कणकवलीच्या पटवर्धन चौकात टेम्पो लागतो, टेम्पोला बॅनर लागतो आणि बॅनरवर भूकंपग्रस्तांपेक्षा मदत करणाऱ्यांचे फोटो जास्त असतात.

यात कुणाचा हेतू वाईट नसतो. उलट, माणसं पोटतिडकीनेच देतात. फक्त एक गोष्ट राहून जाते. कणकवलीच्या बाजारपेठेत कुठल्याही दुकानात शिरा, काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, ‘तुमका काय व्हया?’ आधी हे विचारायचं, मग माल काढायचा. पन्नास रुपयांचा गरा किंवा खाजं विकतानाही पाळला जाणारा हा साधा नियम, लाखो रुपयांची मदत पाठवताना मात्र आपण विसरतो.

त्याची किंमत काय पडते, ते बघायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही.

३० सप्टेंबर, पहाटे ३.५६

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून सगळा महाराष्ट्र दमून झोपला होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ यांच्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या हिशेबात हा काही महाभयंकर आकडा नव्हे. पण सरकारी नोंदीनुसार ७ हजार ९२८ माणसं गेली. किल्लारी आणि सास्तूर ही दोन नावं त्या दिवसापासून शहाऱ्यासारखी मराठी भाषेत राहिली आहेत.

एवढी माणसं का गेली? कारण ती घरात होती, आणि घरानेच त्यांना मारलं. या भागातली जुनी घरं म्हणजे दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती. दगड मातीच्या गाऱ्यात बसवलेले, आतबाहेरच्या दोन थरांना जोडणारा आडवा दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंडगार आणि दिसायला भक्कम. धक्का बसला तसे भिंतींचे थर सुटले आणि कित्येक टन माती झोपलेल्या माणसांवर आली.

त्यात आणखी एक दुखरी गोष्ट आहे. किल्लारीला आधीच्या वर्षी, १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, छोटे धक्के बसले होते. लोक तेव्हा घाबरून बाहेर झोपायला लागले होते. नंतर धक्के थांबले आणि लोक पुन्हा घरात गेले. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणजे नकाशाच्या भाषेत ‘टेन्शन नॉट’!

‘आमच्याकडे कुठे होतो भूकंप?’

हा डायलॉग कणकवलीतही ऐकू येतो. तो खोटा आहे असं नाही, पण अर्धवट आहे. कणकवलीपासून किल्लारी सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे, पण कोयनानगर? ते सरळ उत्तरेला फार तर सव्वाशे किलोमीटरवर. तिथे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसं गेली आणि कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो का, या विषयावर जगभरचे शास्त्रज्ञ बोलतात तेव्हा कोयनेचं उदाहरण हमखास येतं. तिथे लहानमोठे धक्के त्यानंतरही बसतच राहिले. २००२ च्या नकाशात कोयना परिसर चौथ्या पट्ट्यात आणि सिंधुदुर्ग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात दाखवला गेला. किल्लारीचा भागही या नकाशात तिसऱ्या पट्ट्यात आला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कोकणातल्या जुन्या घराची एक जमेची बाजू आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर लाकडी वासे आणि मंगलोरी कौलं. छप्पर माळवदाच्या मानाने खूप हलकं. पण आता गावोगाव कौलं उतरतात आणि स्लॅब चढतो. स्लॅब वाईट नाही, जर खाली नीट कॉलम-बीम असतील तर. जुन्या चिऱ्यांच्या भिंतीवरच जड स्लॅब टेकवलेला असेल, तर तो माळवदाचाच चुलतभाऊ समजा. मुंबईत बसून गावच्या घराच्या कामाला ईएमआय भरणाऱ्यांनी ठेकेदाराला टाइल्सचा रंग विचारण्याआधी हे विचारायला हरकत नाही.

मदतीचा पूर

पुन्हा किल्लारीकडे येऊ. बातमी पसरली आणि मदतीचा अक्षरशः लोंढा आला. लष्कर आलं, डॉक्टर आले, स्वयंसेवी संस्था आल्या, परदेशी पथकं आली. बघेही आले. वर पाऊस, खाली अरुंद रस्ते, आणि त्या रस्त्यांवर ढिगारा उपसायला निघालेली गाडी आणि ढिगारा बघायला निघालेली गाडी एकाच रांगेत.

आपत्तीतल्या पहिल्या काही तासांबद्दल जगभरचा अनुभव एकच सांगतो: ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना शेजारी, नातेवाईक आणि गावकरीच काढतात. बाहेरची पथकं पोचेपर्यंत महत्त्वाचे तास सरलेले असतात. २०१५ मध्ये नेपाळला भूकंप झाला तेव्हा काठमांडूच्या एकुलत्या एका आंतरराष्ट्रीय धावपट्टीवर मदतीच्या विमानांची इतकी गर्दी झाली, की मदत घेऊन आलेली विमानं हवेत ताटकळली. माल होता, इच्छाही होती, पण उतरायला जागा नव्हती!

आणि कपडे! २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप असो की २००४ ची त्सुनामी, वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडल्याची दृश्यं प्रत्येक वेळी दिसली. तमिळनाडूच्या कोळी वस्त्यांत लोकरीच्या स्वेटरचं काय करायचं? १९९९ मध्ये दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था सुरू करणाऱ्या अंशू गुप्तांनी नेमका हाच प्रश्न धरला. त्सुनामीनंतर तमिळनाडूत नको म्हणून पडून राहिलेले कपडे त्यांच्या संस्थेने वेचले, निवडले आणि पुन्हा वापरात आणले. म्हणजे आपण उदार मनाने केलेला कचरा निस्तरायला एक वेगळी मदत मोहीम लागली. खोक्यात काही टाकण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे.

आप्पांची शाळा

आता ज्या चौकात टेम्पो लागतो, त्या चौकाच्या नावाकडे वळू. आप्पासाहेब पटवर्धन, लोक ज्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणायचे. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीलगत वागद्याला गोपुरी आश्रम सुरू केला. शाळेच्या पुस्तकात गांधीवादी म्हटलं की चरखा येतो. आप्पांच्या बाबतीत आधी संडास यायला हवा. माणसाने माणसाचा मैला डोक्यावरून वाहायचा, ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतः सफाईचं काम केलं, स्वस्तातले संडास कसे बांधता येतील याचे प्रयोग केले, मैल्याचं सोनखत करून शेतात वापरून दाखवलं. ‘छी’ म्हणून लोक जिथून नाक मुरडून जात, तिथे हा माणूस वहीपेन घेऊन बसायचा.

याचा भूकंपाशी संबंध काय? थेट आहे. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी जेवणाची पाकिटं बहुतेक ठिकाणी मिळायला लागतात. संडास मिळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली शेकडो कुटुंबं राहतात, आणि बायका अंधार पडायची वाट बघत दिवसभर पाणी प्यायचं टाळतात. मदतकार्याचे किमान निकष ठरवणारा ‘स्फिअर’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाला. त्याचे आकडे बघा: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, सुरुवातीला दर ५० माणसांमागे आणि लवकरात लवकर दर २० माणसांमागे एक संडास. बायकांसाठी वेगळे आणि कडी लागणारे. तुमच्या ऑफिसच्या खोक्यात यातलं काहीच मावत नाही. पण सॅनिटरी नॅपकिन, झाकणाच्या बादल्या, टॉर्च, ताडपत्री, दोरी मावते. आणि पैसे मावतात.

संडासासमोर फोटो काढून कुणी पोस्ट करत नाही, हा त्यातला प्रॉब्लेम. आप्पांना तो कधी आला नाही.

कुणाच्या आवडीचं घर?

किल्लारीत पहिल्या महिन्याची धावपळ ओसरली आणि खरा अवघड भाग सुरू झाला. राज्य सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला. सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेली ५२ गावं जुन्या जागेवरून हलवून नव्याने वसवायचं ठरलं. अनेक गावं देणगीदार संस्थांनी आणि कंपन्यांनी बांधून दिली. घराचा आकार जमिनीवर ठरला: भूमिहीन आणि अगदी छोट्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४५० आणि मोठ्याला ७५०.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर इतकी पक्की घरं बांधली गेली, हे काम लहान नव्हतं. भेदरलेल्या माणसांना तेव्हा दगड नकोच होता, त्यांना सिमेंटचं घर हवं होतं, हेही खरं. पण नवी गावं पाहून आलेल्या अभ्यासकांनी जे लिहिलं, ते वाचण्यासारखं आहे. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारखी घरं. शहरातल्या आर्किटेक्टला नीटनेटकं वाटेल असं सगळं. पण जुन्या वाड्याचं अंगण गेलं, जनावरं बांधायची जागा गेली, भावकीचा शेजार मोडला, शेत लांब पडलं. लोकांनी मग आपल्या परीने घराला पत्र्याचं पडवीवजा शेपूट जोडलं, कडबा ठेवायला कोपरा काढला. घर मिळालं, पण ते कसं हवं हे ज्याला राहायचं त्याला पुरेसं विचारलं गेलं नव्हतं.

दुसरीकडे, जिथे घरं पूर्ण पडली नव्हती अशा गावांत दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुती करायची होती. इथे वेगळा प्रयोग झाला. पैसे घरमालकाच्या हातात, तांत्रिक सल्ला सरकारचा, आणि दोघांमध्ये दुवा म्हणून गावातल्याच बायका. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ तयार केल्या. अर्ज कसा भरायचा, हप्ता कधी मिळतो, भिंतीत आडवा दगड कुठे घालायचा, गवंडी लबाडी करतोय हे कसं ओळखायचं, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. कालपर्यंत ‘लाभार्थी’च्या यादीत असलेली बाई आता इंजिनिअरला प्रश्न विचारत होती.

आता यातला सगळ्यात भारी भाग. २००१ मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-धाराशिवच्या याच बायका गुजरातला गेल्या. त्यांनी टेम्पोत कपडे भरून नेले नाहीत. ‘आमचंही असंच पडलं होतं, आम्ही असं केलं, तुम्हाला काय हवंय?’ असं बोलायला त्या गेल्या. पुढे त्सुनामीनंतर तमिळनाडूपर्यंत हा अनुभव पोचला. कच्छमध्ये तर सरकारनेही गावं सरसकट हलवण्याचा मोह टाळला. बहुतेक कुटुंबांनी आपल्याच जागी, आपल्या सोयीचं घर स्वतः बांधणं पसंत केलं. बांधकाम जसजसं पुढे जाईल तसा पैसा टप्प्याटप्प्याने हातात आला.

जे राहिले ते

मदत करणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. पहिल्या आठवड्यात येणारे भरपूर, दुसऱ्या वर्षी थांबणारे थोडे. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी किल्लारीनंतर भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. पुढे त्यांच्यासाठी वाघोलीला शैक्षणिक संकुल उभं राहिलं. मुलं आणणं हे एका बसप्रवासाचं काम असतं. त्यांना शिकवून पायावर उभं करणं हे दहा-पंधरा वर्षांचं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनेही भूकंपानंतर धाराशिव जिल्ह्यातल्या हराळीत काम सुरू केलं आणि तिथे निवासी शाळा वाढवली. या दोन्ही ठिकाणी कॅमेरे निघून गेल्यावरच खऱ्या अर्थाने कामाला सुरुवात झाली.

तुमच्या-माझ्यासारख्या नोकरदार माणसाला हराळीत जाऊन राहणं जमणार नाही. पण पैशाचं टायमिंग आपल्या हातात आहे. भूकंपाच्या आठवड्यात पाच हजार देणारे खूप असतात. तेच पाच हजार दहा महिन्यांत विभागून, दर महिन्याला पाचशे असे देणारे फार कमी. पण संस्थेला शिक्षिकेचा पगार दर महिन्यालाच द्यावा लागतो.

खोका भरण्याआधी

*आधी फोन, मग माल.* तिथे काम करणाऱ्या संस्थेला किंवा जिल्हा प्रशासनाला विचारा. यादी मिळाली नाही तर सामान पाठवू नका.

*शक्यतो पैसे द्या.* वस्तू तिथल्या जवळच्या बाजारातून घेतल्या की वाहतूक वाचते आणि तिथला दुकानदारही पुन्हा उभा राहतो. देणगी बँकेतून द्या, पावती घ्या. वस्तूंवर करसवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत देणगीवरचीही मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

*कपडे नवे किंवा नव्यासारखे.* स्वतःच्या सख्ख्या बहिणीला देताना लाज वाटेल, असं काही नको. पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे वेगळे गठ्ठे, वर ठळक लेबल.

*बघायला जाऊ नका.* तुम्ही डॉक्टर, इंजिनिअर, वायरमन, समुपदेशक असाल तर आधी एखाद्या संस्थेशी जोडून घ्या. ‘कोकणातून आलो, काम द्या’ म्हणणाऱ्याला आधी राहायची जागा द्यावी लागते.

*फोटो माणसांचे नकोत.* पाकीट घेणाऱ्या हाताचा क्लोजअप काढणं हा मदतीचा भाग नाही.

*कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा.* भूकंपाला सहा महिने आणि एक वर्ष होईल त्या तारखांचा. त्या दिवशी त्याच संस्थेला पुन्हा फोन करा, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा.

आणि आपलं घर?

शेवटी थोडं घरचं. कणकवली तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत फिरा. पाच घरांत दोनांना कुलूप, दोनांत फक्त आईवडील आणि एखाद्याच घरात तरुण माणूस. बाकीचे आपण ठाणे, पुणे, गोवा, दुबई. किल्लारीत पहाटे चारला ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनी. आपल्या वाडीत तेव्हा उपसायला कोण असेल? आपली ट्रेन, अगदी कन्फर्म तिकीट मिळालं तरी, पोचणार दुसऱ्या दिवशी.

यावर उपाय महागडा नाही. आई-बाबा कुठल्या खोलीत झोपतात हे शेजारच्या काकूंना माहीत हवं. घराची एक किल्ली त्यांच्याकडे हवी. गॅसचा रेग्युलेटर आणि मेन स्विच कुठे आहे हे वाडीतल्या दोन पोरांना ठाऊक हवं. पलंगाच्या डोक्याशी जड कपाट असेल तर ते भिंतीला पक्कं हवं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं एका कागदावर, पाकिटात हवीत. वाडीत जेसीबी कुणाकडे आहे, नर्स कोण आहे, लांब शिडी कुणाच्या पडवीत आहे, याची एक यादी हवी.

ही यादी करायला मीटिंग बोलवायची गरज नाही. गणपतीत आरतीला आणि भजनाला आपण वाडीतल्या घराघरांत जातोच. उसळ खाता खाता, चहा पिता पिता प्रत्येक घरात दोन प्रश्न जास्तीचे विचारायचे आणि उत्तरं फोनमध्ये टाइप करायची. गौरी-विसर्जनापर्यंत आख्ख्या वाडीची यादी तयार! तिची एक प्रत प्रिंट काढून समाजमंदिरात लावून मगच मुंबईची गाडी पकडा.